नळी झिजत नाही

इमारतीत त्यांना सगळे तोंडावर काकू म्हणत, आणि पाठ वळली की लखलख. त्यांच्या घरातल्या नळाची तोटी अशी चमकायची की शेजारचे गृहस्थ तिच्यात बघून भांग पाडून जातात, अशी एक चहाटळ गोष्ट जिन्यावर फिरत असे. ती कानावर आली तेव्हा काकू म्हणाल्या, "पाडू देत की. त्यांच्या घरच्या आरशात त्यांना तोंड दिसत असेल असं मला तरी वाटत नाही."

ही चमक काकूंनी नोकरीतून घरी आणली होती. एका मोठ्या हॉस्पिटलात, ऑपरेशनची हत्यारं साफ करायच्या खोलीत, त्यांनी एकतीस वर्षं काढली. चिमटे, कात्र्या, सुऱ्या, आणि रक्त ओढून घेणाऱ्या बारीक पोलादी नळ्या. तिथला नियम सोपा होता. वापरलेली वस्तू घासल्याशिवाय ठेवायची नाही, आणि नळी असेल तर आतून घासायची. नव्याने लागलेल्या मुलींना काकू सांगत, "बाहेरून सगळ्याच गोऱ्यागोमट्या असतात गं. आत काय आहे ते ब्रशला विचार." वाफेने लाल झालेले हात घेऊन त्या संध्याकाळी घरी येत आणि तेच हात स्वयंपाकघरात चालू ठेवत.

काका, म्हणजे काकूंचे यजमान, चष्म्याच्या दुकानात होते. पुढे गिऱ्हाइकांना फ्रेमी दाखवणारे वेगळे. काका मागच्या खोलीत, ओल्या चाकावर काच धरून तिला नंबर आणायचे. यंत्रं आली तरी अवघड नंबरांच्या काचा मालक त्यांच्याच हाती द्यायचा. त्या खोलीत एक गोष्ट काकांच्या हाडीमासी खिळली होती, की काच बिघडली तर चाकाला बोल लावायचा नाही. चाक बिचारं फिरायचं तसंच फिरतं. चुकतो तो हात.

आणि रविवारी काका क्लबात. एका जुन्या गोदामाच्या तळघरात नेमबाजीचा क्लब होता. दहा मीटरवर पुठ्ठ्याचं टार्गेट, त्याच्या मधोमध काळा ठिपका, अगदी मध्ये लागलं तर दहा गुण, जरा सरकलं की नऊ, आणि हातात हवेवर चालणारं पिस्तूल. बाजूचा दांडा एकदा ओढून दाबला की आत हवा कोंबली जायची, घोडा ओढला की तीच हवा शिशाचा इवलासा छर्रा पुढे हाकलायची. ना दारू, ना धूर, ना धड आवाज. काका ठरल्या मिनिटाला यायचे आणि ठरल्या मिनिटाला निघायचे, म्हणून क्लबात त्यांचं नाव 'घड्याळ' पडलं होतं.

लग्नानंतरची पहिली काही वर्षं या घड्याळावरून घरात खूप वाजलं. काकूंनाही सुट्टी रविवारचीच.

"सहा दिवस काचा, सातव्या दिवशी छर्रे. मग बायको कशाला केलीत? भिंतीवर लावायला?"

"अगं, दुपारी येतोच की घरी."

"येता, जेवता आणि आडवे होता. त्याला येणं म्हणत नाहीत, त्याला पडणं म्हणतात."

एका रविवारी काका हात धुवायला गेले असताना काकूंनी टेबलावरची पिस्तुलाची पेटी उघडली. कापसाचा बोळा नळीच्या तोंडात फिरवला, तर तो काळाकुट्ट निघाला. काकूंच्या अंगावर काटा आला.

"अहो! हे असंच ठेवता तुम्ही? एवढी घाण?"

"घाण नाही ती, शिसं आहे. थोडं राहू द्यायचं असतं. सहा महिन्यांनी लोकरीच्या दोन गोळ्या छर्‍यासारख्या आतून मारल्या की झालं."

"सहा महिने? आमच्याकडे सहा तास ठेवलं असतं ना, तर मला घरी बसवलं असतं."

तेव्हापासून पिस्तूल साफ करायचं काम काकूंकडे आलं. क्लबातल्या एका म्हाताऱ्या रायफलवाल्याने नेमबाजी सोडताना आपला साफसफाईचा डबा काकांना दिला होता. त्यात एक लांब पोलादी सळई होती, टोकाला ब्रश लावायची सोय असलेली. दारूच्या बंदुकीची काजळी काढायची ती सळई. काकूंना ती पाहताच ओळखीची वाटली. हॉस्पिटलात त्या अशीच वापरायच्या. पिस्तुलाच्या मागच्या बाजूने ती घालायला जागा नव्हती, म्हणून त्या तोंडाकडून घालू लागल्या.

पुढे आयुष्यभर काकूंना चांगलं काही आठवायचं झालं की ही रविवारची दुपार आठवायची. जेवणं झालेली, मुलगा आतल्या खोलीत झोपलेला, टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलेलं. खिडकीतून येणारं ऊन सरकत सरकत टेबलाच्या कडेवर आलेलं. तेलाचा मंद वास. काकूंच्या हातात सळई, आणि समोर बसून काका एकेका छर्‍याची गोष्ट सांगताहेत. एरवी आठवडाभर 'हो', 'नाही' आणि 'मीठ दे' यांवर भागवणारा हा माणूस तेव्हा नदीसारखा बोलायचा.

"तिसरा सुटला ना, तेव्हा सुटतानाच मला कळलं. बोट घाईत होतं. म्हटलं, गेला. नवावर गेला."

"मग?"

"मग हात खाली घेतला. शेजारचा खोकत होता, त्याला म्हटलं आधी खोकून घे बाबा. तो संपला, मग चौथा मारला. दहा! अगदी मधोमध."

"त्या खोकणाऱ्याला काढा सांगा कुणीतरी," काकू म्हणायच्या आणि सळई पुन्हा आत जायची.

काकूंनी क्लबाची पायरी कधी चढली नव्हती, पण तिथला कोण खोकतो, कोण हरला की दिव्याला नावं ठेवतो, हे सगळं त्यांना पाठ होतं. फडकं तीन-चार फेऱ्यांत पांढरं यायचं. काम खरं तर तिथेच संपायचं. पण फडकं ठेवलं की काका गप्प होतात आणि पेपर उघडतात, हे काकूंच्या लक्षात आलं होतं. म्हणून गोष्ट संपेपर्यंत त्या सळई चालू ठेवायच्या. सामना रंगला की गोष्ट लांबायची, आणि गोष्ट लांबली की सळईही. अशी जवळजवळ वीस वर्षं गेली.

मग काकांचे गुण उतरायला लागले. एकदम नाही, जिना उतरावा तसे. दहा छर्‍यांत पंचाण्णव करणारा माणूस त्र्याण्णववर आला, मग नव्वदवर. मोठ्या संघात जायची निवड होती त्या सामन्यात ते तीन गुणांनी राहिले. वय चोपन्न. पुढच्या निवडीपर्यंत सत्तावन्न झाले असते. त्या दिवशी क्लबातला मिस्त्री, पिस्तुलं दुरुस्त करणारा त्यांचा जुना दोस्त, म्हणाला होता, "घड्याळ, पिस्तूल माझ्याकडे ठेव. व्हाइसच्या लोखंडी पकडीत आवळून दहा छर्रे मारून बघतो." काकांनी मान हलवली. "तूच म्हणतोस ना, हवेच्या पिस्तुलाची नळी झिजत नाही? मग? राहिलं काय? हातच." खात्री करायला त्यांनी दुसऱ्याचं पिस्तूल घेऊन पाहिलं, मूठ परकी, तोल परका, गुण आणखी खाली. झालं. हात गेला यावर शिक्कामोर्तब झालं.

पिस्तूल माळ्यावर गेलं. पुढच्याच महिन्यात काकांनी मालकाला सांगितलं की अवघड काचा मला देऊ नका, हाताचा भरवसा राहिला नाही. मालकाने त्यांना पुढे, फ्रेमी दाखवायला उभं केलं, आणि निवृत्त होईपर्यंत ते तिथेच उभे राहिले. घरी ते चहा अर्धाच कप मागायला लागले. सांडेल म्हणून. काकूंना हात कधी थरथरताना दिसला नाही, पण काकूंना काय कळतंय त्यातलं? नेमबाजाला आपला हात ठाऊक असणार. रविवारच्या दुपारी काका पेपर वाचायचे आणि काकू डबे घासायच्या.

याला बारा वर्षं झाली. मुलगा कामासाठी बाहेरगावी असे, पंधरा दिवसांनी यायचा. सून इथेच, पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात. सूनबाई गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. बॅग काढायला माळ्यावर चढली आणि पेटी घेऊन उतरली.

"बाबा, हे चालतं?"

काकांनी पेपरातून मान वर केली. "ते चालतं. मी चालत नाही."

"मी शिकू?"

"शीक की. मिस्त्रीकडे ने आधी. आतलं रबर वाळलं असेल."

सूनबाईला एकटीला कंटाळा, म्हणून तिने सासूलाही ओढलं. मिस्त्रीचं दुकान म्हणजे एका गल्लीच्या टोकाची लांबट खोली. एका भिंतीला ड्रॉवरच ड्रॉवर, दुसऱ्या टोकाला भिंतीवर टार्गेट. मिस्त्री आता पार पिकला होता, पण पिस्तूल बघून त्याचे डोळे लकाकले. "घड्याळाचं! या वहिनी, बसा." वाळलेलं रबराचं वॉशर त्याने चिमट्याने उचललं, तर ते बिस्किटासारखं तुटलं. नवं बसवलं. मग पिस्तूल व्हाइसमध्ये आवळलं आणि एकामागून एक दहा छर्रे मारले.

टार्गेट आणून त्याने दिव्याखाली धरलं.

"आवळलेलं पिस्तूल एकाच भोकात मारतं," तो सुनेला म्हणाला. "हे बघ. कोंबड्यांना दाणे टाकल्यासारखे पसरलेत."

"म्हणजे नळी झिजली?"

"छे! शिसं मऊ आणि पोलाद कडक. लाख छर्रे मार, दोन लाख मार, नळीला काही होत नाही. मारणारा म्हातारा होतो, नळी होत नाही." त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि नळीचं तोंड दिव्याकडे वळवलं. बराच वेळ बघत राहिला. "हं. हे बघ. तोंडाची कडा एका बाजूने खाल्ली गेलीय. सुटताना छर्‍याला शेवटी शिवते ती ही कडा. ती वाकडी तर सगळं वाकडं. इथून कुणीतरी पोलादी सळई घातलीय. एकदा-दोनदा नाही. वर्षानुवर्षं."

"बाबाच करत असतील साफ," सून म्हणाली.

"तो? त्याचा हात इतका हलका की काचेला कळत नसे. मला पटत नाही." मिस्त्रीने भिंग खाली ठेवलं. "म्हणजे निवडीच्या वेळीसुद्धा... अरेरे. हात नव्हता गेला त्याचा. आणि मीही आग्रह धरला नाही."

काकू स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं. घाम नव्हता, तरी पुसलं.

"दुरुस्त होतं का हो?" त्यांनी विचारलं.

"होतं ना. तीन मिलिमीटर कापायची आणि नवी कडा धरायची. आतून नळी नवीकोरी आहे."

पिस्तूल तिथेच ठेवून परत येताना सून बडबडत होती. कोपऱ्यावर काकू थांबल्या. "हे बघ, यातलं घरी काही बोलू नकोस. मी सांगते त्यांना."

"का आई?"

"सांगते म्हटलं ना."

सांगते म्हणणं सोपं होतं. चार दिवस काकू घरात भूत लागल्यासारख्या वावरल्या. समोर काका दिसायचे, अर्धा कप चहा दोन्ही हातांनी धरून बसलेले, आणि काकू उठून ओटा पुसायला लागायच्या. सांगितलं तर या माणसाला त्याचा हात परत मिळेल. आणि आपलं काय राहील? वीस वर्षांतलं गोड म्हणून जे होतं, तेच सळईने खरवडून काढत होतो, हे आपल्याच तोंडाने सांगायचं. पाचव्या दिवशी त्यांना युक्ती सुचली. नळी झिजली होती म्हणायचं. वापराने. वस्तू झिजतेच की. चप्पल झिजते, पायरी झिजते. काकांना हात मिळेल आणि आपलं नाव येणार नाही. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही.

त्याच दिवशी काकू मिस्त्रीकडून पिस्तूल घेऊन आल्या. कापलेला तुकडाही मिस्त्रीने कागदात बांधून दिला होता. शर्टाच्या बटणाएवढी पोलादाची कडी. काकूंनी ती पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली आणि पेटी काकांच्या समोर ठेवली.

"मिस्त्री म्हणाला, नळीच झिजली होती. निवडीच्या आधीपासून. तुमचा हात नव्हता हो गेला."

काका हसले. अगदी मायेने हसले, तेच काकूंना सहन होईना.

"अगं, हवेच्या पिस्तुलाची नळी झिजत नाही. मिस्त्रीनेच मला शिकवलंय. माझं वाईट वाटू नये म्हणून म्हणाला असेल. आणि तू आपली निरोप घेऊन आलीस." त्यांनी पेपर उचलला. "माझी समजूत काढू नका गं कुणी. मला त्याचं काही वाटत नाही आता."

पेपर मध्ये आला आणि त्यामागे काका दिसेनासे झाले. काकू तिथेच उभ्या राहिल्या. खोटं बोलूनही या माणसाला हात मिळत नव्हता. त्याला खोटं पुरत नव्हतं, कारण त्याला नळी माहीत होती.

त्यांनी पर्स उघडली, कागद सोडला आणि कडी पेपरावर टाकली. पेपर खाली वाकला.

"झिजली नाही," काकू म्हणाल्या. "घासली. मी. दर रविवारी, तुमच्या समोर बसून. त्या रायफलवाल्याच्या सळईने, तोंडाकडून. बघा भिंग लावून."

काकांनी आधी काकूंकडे पाहिलं, मग कडीकडे. खिशातलं भिंग काढलं, दुकानातलं, निवृत्त झाल्यावरही त्यांनी ते सोडलं नव्हतं. खिडकीशी गेले. कडी दोन बोटांत धरून फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा. काकूंना आत्ता प्रथमच जाणवलं की ती बोटं दगडासारखी स्थिर आहेत.

"अंडाकृती झालीय," काका म्हणाले. काचेबद्दल बोलावं तसे. मग भिंग उतरवलं आणि आवाज बदलला. "बारा वर्षं मी काच हातात धरली नाही."

"माहीत आहे मला."

"दुकानात पुढे उभं राहून फ्रेमी पुसल्या! एकदा विचारायचंस तरी, कुठून घालू म्हणून!"

"तुम्ही समोरच बसला होतात! भिंग तुमच्या खिशात, नळी तुमच्या नाकासमोर. एकदा बघायचंत तरी! हात गेला, हात गेला म्हणून बसलात."

"मी म्हणत नव्हतो, सहा महिन्यांनी पुरे म्हणून?"

"म्हणत होतात. आणि मी थांबले की तुम्ही पेपर उघडत होतात!"

हे काकूंच्या तोंडून निघून गेलं. काका कडी खिडकीत ठेवून दाराकडे वळले. चपला घालून बाहेर पडले. दोन तासांनी आले, जेवले आणि झोपले. त्यानंतर तीन दिवस घरात काकांच्या तोंडून सुनेसाठी शब्द होते, फोनवर मुलासाठी होते, दूधवाल्यासाठीसुद्धा होते. काकूंसाठी नव्हते. सुनेने विचारलं, "आई, सांगितलंत का?" काकू म्हणाल्या, "सांगितलं. दिसत नाही का?"

रविवारी सकाळी काका पेटी घेऊन दाराशी उभे राहिले.

"चल."

"मी? कुठे?"

"क्लबात. काय बिघडवलंस ते एकदा डोळ्यांनी बघ तरी."

तळघराच्या पायऱ्या उतरताना काकूंनी कठडा धरला. सगळं ऐकलेलं आणि काहीच पाहिलेलं नाही, असं होतं. वाटलं होतं त्याहून छत बुटकं होतं आणि दिवे पांढरे होते. खोकणारा वारला होता. दिव्याला नावं ठेवणारा मात्र अजून होता, आणि आजही ठेवत होता. मिस्त्री आला. काका रेषेवर उभे राहिले, दांडा ओढला, छर्रा घातला, डावा हात खिशात आणि उजवा हळूहळू वर. काकू टार्गेटकडे बघतच नव्हत्या. त्या हाताकडे बघत होत्या. पहिले काही क्षण तो पुतळ्यासारखा राही. मग, अगदी शेवटी, बारीक हले. फट्. पुन्हा दांडा. दहा वेळा.

काकांनी टार्गेट मागवून घेतलं, बोट ठेवत ठेवत मोजलं. "एकोणनव्वद." मग मिस्त्रीला म्हणाले, "हात गेलाय रे."

काकूंनी डोळे मिटले.

"पण एवढासा," काका म्हणाले. काकूंनी डोळे उघडले. काकांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणली होती. मधून छर्रा जेमतेम गेला असता. "बारा वर्षांत एवढासाच."

"एवढा तर माझा जिना चढताना जातो," मिस्त्री म्हणाला.

दोन-तीन जुने गडी गोळा झाले. काकांनी काकूंकडे हात केला. "ही आमची. मला निवडीत कुणी हरवलं म्हणून विचारत होतात ना? हिने. घरी बसून."

सगळे हसले. दिव्याला नावं ठेवणारा म्हणाला, "वहिनी, यापेक्षा माझं तरी पिस्तूल घासायचं होतंत, मला दिव्यावर ढकलायला लागलं नसतं." काकूंना हसावं की रडावं कळेना. हे वाक्य आता आपल्याला जन्मभर पुरणार, पाहुण्यांसमोर, सुनेच्या माहेरी, जिन्यात, हे मात्र त्यांना तिथेच कळून चुकलं. पुरू दे, त्यांनी मनात म्हटलं.

काकांनी नवं टार्गेट लावलं. काकू बाकावरून उठून त्यांच्या मागे, पांढऱ्या रेषेच्या अलीकडे येऊन उभ्या राहिल्या.

"राग गेला का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"नाही," काका मान न वळवता म्हणाले. हात वर जायला लागला होता. "पण आता मध्ये बोलू नकोस. नेम लावतोय."